आधी मळ ओळखा

बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळत होता. पण ऑफिसात रिलीज होता, त्यामुळे शनिवार-रविवार कधी आले नि कधी गेले ते कळलंच नाही. आता जरा उसंत मिळालीय, तर लिहूनच टाकतो. विषय ऐकून हसू नका मात्र. विषय आहे भांडी, मोरी आणि बाथरूम.

सुरुवात झाली दिवाळीच्या आधीच्या साफसफाईपासून. आई बाथरूम धूत होती. फरशीवरचे पांढरट डाग काही निघेनात, म्हणून तिने टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओतलं. तरी समाधान होईना, म्हणून वरून ब्लीच ओतलं. दोन जालीम गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट जालीम होणार, असा साधा सरळ हिशोब. मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आतून आधी खोकल्याचा आवाज आला, मग बादली पडल्याचा. दार ढकललं तर डोळे चुरचुरायला लागले. तिला ओढून बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, खाली रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. काही तास ऑक्सिजन लावून ठेवलं आणि सोडलं. पण पुढचे आठ-दहा दिवस दोन जिने चढले तरी तिला मध्ये थांबावं लागत होतं.

झालं होतं असं, की ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. हाच तो वायू, जो जर्मनांनी २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळच्या खंदकांवर सोडला होता. आमच्या वन बीएचकेच्या बाथरूममध्ये पहिल्या महायुद्धाचा एक छोटा प्रयोग झाला म्हणायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकलेला मुलगा बाहेर बसला होता, हे सांगायलाही लाज वाटते.

बरी झाल्यावर आई म्हणाली, "दापोलीला आमच्याकडे कुठे होतं रे असलं काही? राख, रिठा नि आमसूल. झालं."

दापोली म्हणजे माझं आजोळ. घर हर्णै रस्त्यावर, गावापासून थोडं आत. नेटवर घरगुती क्लीनरच्या शेकडो पाककृती सापडतात, पण मला मूळ आवृत्तीच बघायची होती. म्हणून डिसेंबरात जोडून सुट्टी आली तेव्हा आईला घेऊन सरळ आजीकडे गेलो.

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या पडवीत बसली होती. मी लगेच मुद्द्याला हात घातला, "आजी, तू पूर्वी भांडी कशाने घासायचीस?"

आजी म्हणाली, "कसली भांडी? तांब्याची, तेलाची की मासळीची?"

खरं सांगतो, हा सगळा लेख म्हणजे आजीच्या या एका उलटप्रश्नाचं उत्तर आहे. मी विचारलं कशाने, तिने विचारलं काय. आम्ही ऑफिसात हेच शिकायला दोन वर्षं घेतो. बग काय आहे ते न बघता फिक्स लिहायला बसायचं नाही!

तेलकट भांड्यांना राख. चुलीतली लाकडाची राख चाळून मोरीजवळ एका फुटक्या मडक्यात ठेवलेली असायची, आणि घासायला नारळाचं सोडण. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते अल्कली आहे. तेलाशी त्याची गाठ पडली की थोडंसं तेल जागच्या जागी साबणासारखं होतं आणि उरलेलं त्याच्यासोबत पाण्यात जातं. इंग्रजीतला पोटॅश हा शब्द मुळात भांड्यातली राख अशाच अर्थाचा. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने पोटॅशपासूनच एक नवा धातू वेगळा केला आणि त्याचं नाव पोटॅशियम ठेवलं. म्हणजे आवर्तसारणीतलं हे नाव एखाद्या आजीच्या मोरीतून तिथे गेलं आहे. :) चिवट डागांना भाताच्या तुसाची राख. तुसाच्या राखेत बहुतेक सगळी सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच म्हणा ना. तिचं काम खरवडायचं.

तांब्या-पितळेला आमसूल, नाहीतर चिंच-मीठ. इथे राख फारशी कामाची नाही, कारण तांब्यावरचा काळा थर तेलाचा नसून ऑक्साईडचा असतो, आणि तो विरघळवायला आम्ल लागतं. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) कोकमाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' अशा जाती काढल्या त्या अर्थातच सरबतासाठी नि आगळासाठी. पण घरोघरच्या हंड्या-घंगाळांनी कोकमाचं आम्लपण फार आधी ओळखलं होतं. आणि त्याची दुसरी बाजूही. जे आम्ल तांबं उजळवतं ते तांबं विरघळवतंही. म्हणून आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेच्या भांड्यात करायचा नाही, आधी कल्हई लावून आतून कथलाचा थर द्यायचा. कल्हईवाला वर्षातून ठरावीक वेळी यायचा तो त्यासाठी.

मासळीच्या भांड्यांना आणि हातांनाही आमसूल. हर्णैचं बंदर जवळ, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. मासळीचा वास ज्या अमाइन्समुळे येतो ती अल्कलीच्या बाजूची. आम्ल लागलं की त्यांचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. म्हणून वास जातो. राखेने हे साधत नाही, कारण अल्कलीवर अल्कली टाकून काय होणार?

आणि रेशमी लुगडं, सोन्याच्या बांगड्या यांना रिठा. रेशीम हे प्रथिन. त्याला राखेतली किंवा साबणातली अल्कली सोसत नाही. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं, मळ सोडवतं आणि धाग्याला धक्का लावत नाही. रिठ्याच्या कुळाला लिनियसने सॅपिंडस हे नाव दिलं, त्याचा अर्थच 'इंडीजचा साबण'.

थोडक्यात काय, तर आजीच्या मोरीत एकही 'ऑल इन वन' नव्हतं. चार प्रकारचा मळ, चार औषधं, आणि कुठल्याला कुठलं हे डोक्यात पाठ.

इथपर्यंत मी एकदम भारावून गेलो होतो. पूर्वीचं सगळं कसं छान, नैसर्गिक, नॉन-टॉक्सिक वगैरे. मी म्हटलं, "आजी, मग राख सोडलीस कशाला?"

ती म्हणाली, "मी कुठे सोडली? गॅस आला, राख बंद झाली." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "राख गेली तसा माझा खोकलाही गेला हो."

आई गप्पच होती. मीही गप्प झालो.

राख फुकट होती असं आपण म्हणतो. ती फुकट नव्हती. तिच्यामागे रोजचा चार-पाच तासांचा धूर होता आणि तो एका बाईच्या छातीत जात होता. शिवाय रोज अल्कलीत हात बुडवून तळव्यांना भेगा पडायच्या, त्यात ती रात्री खोबरेल भरायची. हात तिने मला दाखवले. माझ्या आईला जे दहा मिनिटांत झालं, ते आजीला चाळीस वर्षांत हळूहळू झालं, एवढाच फरक. घरची सफाई बिनविषारी होती की नाही हे ठरवताना नुसती भांड्यावरची राख बघून चालत नाही. ती आली कुठून आणि घासत कोण होतं, हेही बघावं लागतं.

आता राखेची जागा कशाने घेतली तेही बघू. राखेचा सख्खा भाऊ म्हणजे धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. आपल्याकडे सज्जीखार, पापडखार या नावांनी खार पूर्वीपासून होतेच. युरोपात लाकडाची राख कमी पडायला लागली तेव्हा निकोला लेब्लांक याने मिठापासून सोडा करायची पद्धत काढली आणि १७९१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे १८६० च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने तो आणखी स्वस्त केला. सोडा स्वस्त म्हणून काच स्वस्त, साबण स्वस्त. १८८८ साली कोलकात्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाईट साबणाच्या पेट्या उतरल्या त्या या साखळीतूनच. परदेशी साबणात जनावरांची चरबी असते म्हणून अनेक घरांत तो चालत नसे. १९१९ च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, आणि स्वदेशीच्या वाऱ्यात तो चालला. १९३९ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूरला टाटांचा सोड्याचा कारखाना उभा राहिला. मग १९५९ ला सर्फ आली, १९६९ ला अहमदाबादच्या करसनभाई पटेलांची निर्मा, आणि ऐंशीच्या दशकात टीव्हीवर भाव करणाऱ्या ललिताजी.

ही सगळी वाईट माणसं आणि आजी तेवढी चांगली, असं मला अजिबात म्हणायचं नाही. डिटर्जंट कठीण पाण्यातही काम करतं, साबण करत नाही, हा खरा फायदा आहे. धुणं आपटायचे कष्टही कमी झाले. पण एक गोष्ट मात्र हरवली. सगळ्या मळांना एकच पूड, आणि स्वच्छतेची खूण म्हणजे फेस. वास्तविक फेसाचा आणि मळ निघण्याचा संबंध जेमतेमच आहे. पण फेस दिसतो, मळ कुठला ते दिसत नाही. 'कसली भांडी?' हा प्रश्नच मग कोणी विचारेना.

असाच मळ न ओळखता सफाई केल्याचा एक मोठा प्रसंग आपल्या इतिहासात आहे, आणि त्याचाही कोकणाशी संबंध आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. तेव्हा कार्बोलिक ॲसिडचा मोठा बोलबाला होता. लिस्टरने १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग जाहीर केला होता आणि त्याने खरोखर प्राण वाचवले होते. मुंबईत मग गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं गेलं. घरं जंतुनाशकांनी धुतली, चुना फासला, अंथरुणं जाळली. मुंबईतून लाखो लोक पळाले. गिरण्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याची माणसं सर्वांत जास्त, त्यामुळे कितीतरी जण गलबतांनी नि बोटींनी आपल्या गावी परतले. पुण्यात रँडच्या अंमलाखाली सोजिरांनी घरात घुसून जी सफाई केली तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या गोळ्यांनी झाला.

आणि मळ कुठे होता? उंदरांच्या अंगावरच्या पिसवांत. हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि ते सगळ्यांना पटायलाही पुढे काही वर्षं गेली. म्हणजे अख्खं शहर कार्बोलिकने धुऊन काढलं, पण मळ वेगळ्याच ठिकाणी होता. तो वास मात्र आपल्या नाकात कायमचा बसला. लाल कार्बोलिक साबण, काळं फिनेल. अजूनही जिन्यात फिनेलचा वास आला की आपल्याला वाटतं, चला, आज सफाई झाली.

आम्ही परत निघालो ते महाडवरून. जेवायला थांबलो आणि चवदार तळ्याकडे चक्कर मारली. यापूर्वी मी या रस्त्याने पंधरा-वीस वेळा तरी गेलोय, पण थांबलो नव्हतो.

डॉ. आंबेडकरांच्या लहानपणाचा काही काळ दापोलीच्या कॅम्पात गेला, कारण सुभेदार रामजी निवृत्तीनंतर तिथे राहत होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. नंतर गावातल्या सवर्णांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. एकशे आठ घागरी. त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही.

तळ्याच्या काठावर उभं राहून माझ्या मनात आलं, की या घागरींतली प्रत्येक वस्तू शंभर टक्के नैसर्गिक होती. बिनविषारी होती. घरी केलेली होती. आणि इतिहासातल्या सगळ्यांत विषारी सफायांपैकी ती एक होती. कारण तिथे मळ नव्हताच. माणसं पाणी प्यायली होती, बस. ज्या पिण्याच्या पाण्यात शेण कालवलं ते उलट त्यानेच घाण झालं. पुढे दहा वर्षं कोर्टात भांडण चाललं आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

नैसर्गिक हा शब्द मला तेव्हापासून जरा जपून वापरावासा वाटतो. आजीच्या शेणाने सारवलेल्या अंगणाशी माझं भांडण नाही. मातीच्या जमिनीची धूळ बसवायला त्याचा उपयोग होता. प्रश्न परत तोच. मळ कोणता?

घरी आल्यावर मी पहिल्यांदा बाथरूमच्या फरशीवर उकिडवा बसून ते पांढरे डाग नीट बघितले. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा कठीण, म्हणजे कॅल्शियम भरपूर. पाणी सुकलं की कॅल्शियम कार्बोनेटचा थर राहतो. तो ब्लीचने जन्मात निघणार नाही, कारण ब्लीच रंग घालवतं आणि जंतू मारतं, चुना विरघळवत नाही. आणि आजीकडे यावर उपाय का नाही, तेही लक्षात आलं. दापोलीच्या जांभ्या दगडात चुना फारसा नसतोच, विहिरीचं पाणी मऊ. हा मळच तिच्या मोरीत कधी नव्हता! आईने तिच्या आईचं ज्ञान विसरून चूक केली असं नाही. तिला पुण्यात एक नवा मळ भेटला, आणि त्याची ओळख करून द्यायला कोणी नव्हतं. बाटलीवर तर सगळंच चकाचक असं लिहिलेलं होतं.

किराणा दुकानातून लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड आणलं. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. डागांवर ओतलं, वीस मिनिटं थांबलो, ब्रशने घासलं. निघाले. एवढ्यासाठी आईला ऑक्सिजन लावावा लागला होता.

तेव्हापासून आमच्याकडे जे चालतं ते थोडक्यात सांगतो.

पांढऱ्या चुन्याच्या डागांना लिंबूसत्व. पण कडप्प्याच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर कुठलंही आम्ल टाकू नका, हे दगड स्वतःच चुन्याचे आहेत. डागाबरोबर ओटाही जाईल.

तेलकट चिकटपणाला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नका, ती काळी पडतात. आणि हे पाणी कुंड्यांना घालू नका. आजी मोरीचं राखेचं पाणी केळीच्या आळ्यात सोडायची ते ठीक होतं, कारण राखेतलं पोटॅशियम केळीला हवंच असतं. सोड्यातलं सोडियम मातीला नको असतं.

रेशमी आणि लोकरी कपड्यांना रिठा. दहा-बारा रिठे बिया काढून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळून गाळायचे. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि ओढ्या-तळ्यात ओतू नका. सॅपोनिन माशांना विषारी असतं. नैसर्गिक असलं तरी!

सगळीकडे सांगतात तसं व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एका बाटलीत भरून ठेवू नका. फसफसताना मजा येते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि हातात उरतं जवळजवळ नुसतं खारं पाणी. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवून करतात ते बायोएन्झाइम फरशी पुसायला छान आहे. झाकण अधूनमधून सैल करा, नाहीतर बाटली फुटेल. पण ते जंतुनाशक आहे असं समजू नका. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर तिथे मळ म्हणजे जंतू. तिथे लेबलवर दिलेल्या प्रमाणात पातळ केलेलं ब्लीचच बरं. मात्र एकटं. त्याच्यासोबत ॲसिड नाही, व्हिनेगर नाही, लिंबूसुद्धा नाही.

आणि आमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा बदल म्हणजे दर रविवारी बाथरूम मी धुतो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. अठ्ठावीस वर्षांत मला ते डाग दिसले नव्हते, कारण घासणारा हात माझा नव्हता. मळ ओळखायचा तर आधी उकिडवं बसावं लागतं.

परवा आजीचा फोन आला होता. मी तिला मोठ्या उत्साहाने लिंबूसत्वाचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आमसूलच की रे!"

बरोबर आहे. आमसूलच. :)